कळलावीचा कंद

मास्तर लोकांना गाडी चालवायला शिकवायचे. त्यांच्या गाडीत शेजारच्या सीटपुढे, पायाशी एक जादा ब्रेक होता आणि त्यांचा सगळा धंदा त्या ब्रेकवर चालायचा. शिकणारा माणूस घाबरला की हमखास चुकीच्या जागी पाय दाबतो. अशा वेळी मास्तर ओरडायचे नाहीत. त्यांचा उजवा पाय शांतपणे खाली जायचा, गाडी थांबायची आणि ते म्हणायचे, "हं, आता पुन्हा."

त्याच पायाच्या अंगठ्याला गाऊट झाला. अंगठा टोमॅटोसारखा लाल झाला. पायावरून चादर सरकली तरी ब्रह्मांड आठवायचं. डॉक्टरबाईंनी गोळ्या दिल्या, त्यांनी आराम पडला आणि मास्तर पुन्हा कामावर जाऊ लागले. मग दुखणं परत आलं, गोळ्याही परत आल्या, आणि असं बरेच महिने चाललं. शेवटी रक्ताची तपासणी झाली तेव्हा मूत्रपिंडं थकल्याचं दिसलं. डॉक्टरबाईंनी ती गोळी बंद केली, दुसरं औषध लिहिलं आणि सांगितलं, "याला गुण यायला वेळ लागेल. तोवर पायाला विश्रांती द्या."

विश्रांती देतील तर ते मास्तर कसले! पायात ढगळ चप्पल अडकवून ते गेलेच. सरावाच्या मैदानावर एका बँकेतल्या बाईंना गाडी मागे घ्यायला शिकवत होते. बाईंचा पाय चुकला, मास्तर ब्रेक दाबायला गेले तर अंगठ्यातून अशी कळ गेली की पाय आपसूक वर आला. गाडी मागच्या खांबावर आदळली. लागलं कुणाला नाही. पण मैदानावर बाकीचे शिकाऊ उभे होते आणि त्यातला एक जण हसत म्हणाला, "मास्तरांनाच परत शिकायला बसवा." मास्तरही हसले. घरी येईपर्यंत ते हसू काही त्यांना पचलं नाही.

वाटेत ते औषधाच्या दुकानात गेले. दुकानदार जुन्या ओळखीचा.

"मास्तर, डॉक्टरबाईंनी गोळी बंद केलीय. मी कशी देऊ?"

"पाय माझा आहे की त्यांचा?"

"पाय तुमचाच. पण मूत्रपिंडंही तुमचीच ना?" दुकानदारानं गल्ल्यावर कोपर टेकलं. "साधी गोळी समजू नका ती. कळलावीच्या वेलात असतं, तेच द्रव्य आहे ते. हात आखडून घेतलं तर औषध, नाहीतर जहर."

मास्तरांनी यातलं मधलं वाक्य तेवढं घरी नेलं.

कारण घरच्या गॅलरीत कळलावी होती. मास्तरांच्या बायकोचं चौकात फुलांचं दुकान होतं. एकदा ती मास्तरांचा विसरलेला चष्मा द्यायला मैदानावर गेली, तेव्हा कुंपणावर हा रानवेल चढलेला तिनं पाहिला. खाली पिवळ्या आणि टोकाला लालभडक, ज्वाळेसारख्या वळलेल्या पाकळ्या. पानांची टोकंसुद्धा दोऱ्यासारखी कुंपणाला गुंडाळलेली. तिनं तो मुळासकट काढून कुंडीत लावला. लावताना हातमोजे घातले होते आणि मास्तरांना बजावलं होतं, "फुलं बघा, पण कंदाला हात लावू नका. पूर्वी बायका बाळंतपणात अडल्या की हा पोटावर बाहेरून लावायचे म्हणे. पोटात गेला तर माणूस उरत नाही."

"मग घरात कशाला आणलंस?"

"घरात तर फिनेलही आहे," ती म्हणाली.

त्या दुपारी बायको दुकानात होती. मास्तरांनी कुंडीतली माती चमच्यानं उकरली. कंद बोटासारखा, मध्ये वाकलेला. त्यातला एक तुकडा त्यांनी कापला, धुतला, चहाबरोबर उकळला आणि गाळून प्यायले. उरलेला चोथाही चावून खाल्ला. कंद परत पुरला, माती सारखी केली, सुरी धुऊन जागेवर ठेवली. संध्याकाळी बायको उशिरा येणार होती. तिनं सकाळी करून ठेवलेली भाजी गरम करून ते एकटेच जेवले. अंगठा थोडा हलका वाटला. बहुधा वाटायचाच होता.

पहाटे उलट्या सुरू झाल्या. मग पोट असं बिघडलं की भिंत धरूनही उभं राहता येईना. बायकोनं टॅक्सी बोलावली आणि मास्तरांच्या मोठ्या बहिणीला फोन केला. या बहिणीला सगळे आक्का म्हणत. आईबाप लवकर गेल्यावर आक्कानंच मास्तरांना वाढवलं होतं. भावजयीशी तिचं कधी फार जमलं नव्हतं. भांडणही नव्हतं, एकमेकींना वाट द्यायच्या, एवढंच.

हॉस्पिटलमधल्या तरुण डॉक्टरनं विचारलं, "काल काय खाल्लं होतं?"

"घरचंच जेवण," मास्तर म्हणाले.

"अजून काही? बाहेरचं? कुठलं औषध?"

"नाही."

"घरात अजून कोणाला त्रास?"

"मी दुकानातच खाल्लं होतं," बायको म्हणाली.

आक्कानं तिच्याकडे एकवार पाहिलं आणि नजर काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी मास्तरांचा रक्तदाब खाली आला आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरू लागल्या. साधं अन्न बाधलेलं नाही, हे डॉक्टरला कळलं. काय बाधलंय हे कळेना. बायको कपडे आणायला घरी गेली, तेव्हा गॅलरीतला वेल मान टाकून पडला होता. तिनं माती बाजूला केली. कंद सुरीनं कापलेला होता. ती कुंडी तशीच उचलून, टॅक्सीत मांडीवर घेऊन, ती हॉस्पिटलात आली आणि डॉक्टरच्या टेबलावर ठेवून म्हणाली, "यांच्या पोटात हे गेलंय."

त्यामुळे इलाजाला दिशा मिळाली. पण हॉस्पिटलला विषाची खबर पोलिसांना द्यावी लागते. हवालदार आला. वेल कोणी आणला? बायकोनं. विषारी आहे हे कोणाला माहीत होतं? बायकोला. जेवण कोणी केलं? बायकोनं. त्यातलं ती जेवली का? नाही. हवालदार मठ्ठ नव्हता आणि दुष्टही नव्हता. त्याच्या जागी कोणीही हीच बेरीज केली असती.

आक्का भावाच्या कॉटशी गेली, वाकली. "खरं सांग मला. हिनं दिलं का तुला काही?"

मास्तर शुद्धीवर होते. त्यांना प्रश्न नीट ऐकू आला. दारात उभी असलेली बायकोही दिसली. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य म्हणजे, साऱ्या शहराला अक्कल शिकवणाऱ्या माणसानं गॅलरीतलं मूळ उकरून खाल्लं. मैदानावरचं ते हसू त्यांच्या कानात होतं. त्यांनी डोळे मिटले.

मिटलेल्या डोळ्यांचा अर्थ आक्कानं लावला आणि बाहेर जाऊन हवालदाराला सांगितला. बायकोनं एकदाच विचारलं, "ते तसं म्हणाले?"

"म्हणायला कशाला हवं?" आक्का म्हणाली.

बायको हवालदाराबरोबर गेली. चौकीतल्या बाकावर तिला दिवसभर बसवून ठेवलं. कोणी हात लावला नाही, कोणी वरच्या आवाजात बोललं नाही. तेच प्रश्न वेगवेगळ्या माणसांनी विचारले. समोरच्या रस्त्यावरून तिची गिऱ्हाइकं जात होती. काहींनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

संध्याकाळी डॉक्टर मास्तरांकडे आला तेव्हा आक्का शेजारीच होती. डॉक्टर तिलाच म्हणाला, "या विषावर उतारा नाही. शरीर सांभाळत बसायचं. किती गेलंय हे कळलं असतं तर पुढची तयारी ठेवता आली असती. कुंडीतला कंद पाहून वाटतं, निम्मा तरी गेला असावा. तसं असेल तर आशा कमी आहे."

"निम्मा नाही," मास्तर म्हणाले. आवाज बारीक होता. "बोटाच्या एका पेराएवढा. फार तर त्याहून थोडा जास्त."

डॉक्टर वळला. "तुम्हाला कसं माहीत?"

मास्तर छताकडे बघत राहिले. "मीच कापला होता."

डॉक्टरनं बाकीचं विचारून घेतलं: कधी, कच्चा की उकळून, चोथा खाल्ला का. मास्तरांनी शाळेतल्या मुलासारखी उत्तरं दिली. डॉक्टर गेल्यावर आक्का उठली. तिनं आयुष्यात या भावावर हात उचलला नव्हता, आताही उचलला नाही. फक्त म्हणाली, "सकाळी मी विचारलं तेव्हा तुझी जीभ झडली होती का रे?" आणि पिशवी घेऊन चौकीवर गेली.

तिथं तिनं हवालदाराला सगळं सांगितलं, मग बाकावर भावजयीशेजारी बसली. "चल," ती म्हणाली. "चूक त्याची आहे, पण पहिला दगड मी मारला. मला काय बोलायचं ते बोल."

"आत्ता मला फक्त पाणी हवंय," बायको म्हणाली.

मास्तर वाचले. काही दिवस पारडं इकडे की तिकडे असंच होतं, मग हळूहळू रक्त सुधारलं. बायको रोज यायची, डॉक्टरांशी बोलायची, कपडे बदलून न्यायची. मास्तरांशी कामापुरतंच बोलायची. घरी सोडल्यावर त्यांचे केस गळू लागले. उशीवर, कंगव्यात, शेवटी नुसता हात फिरवला तरी मुठीत यायचे. तेही त्या विषाचंच काम होतं. परत येतील, असं डॉक्टर म्हणाला. मास्तर चालायला लागले त्या दिवशी बायकोनं एक बॅग भरली आणि ती दुकानामागच्या खोलीत राहायला गेली.

"किती दिवस?" मास्तरांनी विचारलं.

"माहीत नाही."

आक्का मात्र दुपारी दुकानात जाऊ लागली. आधी नुसतीच बसायची, मग गुलाबाचे काटे काढू लागली. दोघी फार बोलायच्या नाहीत. तरी गिऱ्हाइकं त्यांना सख्ख्या बहिणी समजू लागली, आणि दोघींनी ती समजूत कधी दुरुस्त केली नाही.

नव्या औषधानं अंगठा शांत झाला, तेव्हा एका दुपारी मास्तर टोपी घालून दुकानात आले. गिऱ्हाइकासारखे बाहेरच थांबले. बायको गुच्छाला तार गुंडाळत होती.

"मला लाज वाटली होती," ते म्हणाले. "लोक मूर्ख म्हणतील म्हणून."

"तुम्हाला लोकांनी मूर्ख म्हणायला नको होतं," ती म्हणाली. "मला खुनी म्हटलं तर चालत होतं."

मास्तर उभेच राहिले. खुलाशाची सगळी वाक्यं त्यांनी येताना ठरवून आणली होती, त्यातलं एकही उपयोगाचं उरलं नव्हतं.

"वाटलं होतं, बरा झालो की सांगीन."

"आणि बरे झाला नसता तर?"

आक्कानं मान खाली घालून पुढचा गुलाब उचलला. बायकोनं तार कापली आणि कडेची रिकामी बादली पायानं मास्तरांकडे सरकवली. "उभेच आहात तर पाणी भरून आणा. मागे नळ आहे."

मास्तरांनी बादली भरून आणली. दुसऱ्या दिवशीही आले. मैदानावरचं काम संपलं की रोज येऊ लागले. शिकाऊ लोकांना त्यांनी स्वतःच सगळं सांगून टाकलं होतं, अगदी चोथ्यासकट. चार दिवस लोक हसले आणि मग विषय जुना झाला. एवढ्याचसाठी आपण काय करून बसलो, हे मास्तरांना तेव्हा कळलं.

थंडी सुरू झाल्यावर खोलीत ओल आली, तेव्हा बायको घरी परतली. ओल आली नसती तर परतली असती का, हे तिनं सांगितलं नाही आणि मास्तरांनी विचारलं नाही. ती दोघं आता बरी आहेत. संध्याकाळी एकत्र टीव्ही बघतात, कधीकधी हसतातही. पण मास्तरांसाठी ती स्वयंपाक करत नाही. मास्तर आपलं आपण करतात, आणि जमलं तर तिच्यासाठीही वाढून ठेवतात. बहुतेक दिवशी ती जेवते.