जंगबारचा ध्रुव

मरणाची बातमी घेऊन आलेला गडी आधी जेवून घेतो का हो? धोंडूनं घेतलं. बोंबलाचं कालवण दोनदा मागितलं, हात धुतले, पान जमवलं आणि मग म्हणाला, "लहू गेला. जंगबारात, तापानं."

लहू म्हणजे मंजुळेचा नवरा. दोन वर्षांपूर्वी आगबोटीवर खलाशी म्हणून आफ्रिकेकडं जंगबारला गेला, तेव्हापासून चिठ्ठी ना चपाटी. धोंडू त्याच बोटीवर बॉयलरला कोळसा घालायचा. सासू सोनूबाईनं हंबरडा फोडला. मंजुळेला मात्र रडू येईना, संताप आला. 'येऊ दे मेल्याला, चांगला सोलते,' असं दोन वर्षं घोकलेलं, आता सोलायचं कुणाला?

प्लेग यायच्या आदल्या वर्षीचा माघ होता. दिवेलागणीला थोरला दीर धर्मा सगळ्या वाडीसकट तिला गिरगावच्या वाळूवर घेऊन आला. डाव्या हातातल्या बांगड्या फोडायच्या होत्या. उजवा हात कोळणीचा तसाही मोकळाच असतो. त्यातल्या बांगड्या लग्नातच दर्याला दिलेल्या, माझ्या नवऱ्याला सांभाळ म्हणून. सोनूबाईनं मंजुळेचं मनगट धरलं, धर्मानं दगड पुढे केला.

"सांभाळलंस होय रे!" ती दर्यावरच खेकसली. समोर कुलाब्याच्या अंगाला अगस्ती वर आला होता. लग्नानंतरच्या माघात लहूनंच तो दाखवला होता, ह्याच वाळूवर. "खाली आहे पण तेज बघ त्याचं! वैशाखात तिकडंच चार ताऱ्यांचा त्रिशंकू निघेल. बोट दक्षिणेला चालली की हे दोघं वर वर चढतात, न् मागं आपला ध्रू खाली खाली जातो. जंगबार येईस्तोवर पार पाण्यात बुडतो."

"अगं बाई! मग वाट कोण दाखवतं?" तिनं विचारलं होतं.

"हाच की. अगस्ती."

इकडे धोंडूला भर सभेत कंठ फुटला. "शेवटाला मांडी मीच दिली. आभाळ लख्ख होतं. लहूनं ध्रुवाकडं बोट केलं न् म्हणाला, 'मंजीला सांग, लग्नात ह्यालाच साक्ष ठेवला होता.'"

बायका मुसमुसायला लागल्या. मंजुळेनं मनगट हिसडून सोडवलं.

"काय बघितलं त्यानं?"

"ध्रुव."

"जंगबारात?"

"हां, हा एवढा ठळक!"

तिनं त्याची बंडीच धरली. "अरे भाड्या, बोटीच्या पोटात कोळसा ढकलणारा तू, तू कधी आभाळ बघितलंस? जंगबारात ध्रू दिसतच नाही! माझ्या नवऱ्यानं शिकवलंय मला!"

"मंजुळे, सोड त्याला! येड लागलं काय?" धर्मा ओरडला.

"सोडते. दर्याचं पाणी ओंजळीत घे म्हणावं, न् बोल लहू मेला म्हणून!"

आता दर्यावर पोट भरणारा माणूस दर्याची खोटी शपथ कशी घेणार? पाणी पायाशी येत होतं, नि धोंडू एकेक पाऊल मागं सरत होता. शेवटी वाळूत मटकन बसला.

"जिता आहे. तिकडं दुसरं घर केलंय, पोर झालंय. मेलो म्हणून सांग, ती मोकळी होईल, असं त्यानंच शिकवून धाडलं."

"माझा लहू जिता आहे गो!" सोनूबाईनं रडता रडता हात जोडले. "देव पावला!" सुनेकडे तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. धर्मानं दगड खाली टाकला आणि सुस्कारा सोडला. "कुंकू राहिलं तुझं, नशीब समज. बाप्याची जात आहे. अगस्तीसुद्धा दक्षिणेला गेला तो माघारी आला नाही. तू आपली घर धरून राहा."

हे मात्र तिच्या डोक्यात गेलं. मेला असता तर बांगड्या फोडून बसायचं, जिता आहे तर वाट बघत बसायचं! म्हणजे बसायचं तिनंच!

"अगस्ती गेला, भावजी, पण बायकोला संगं घेऊन गेला! कीर्तनात झोपता काय?"

वाळूत नारळाची वाळकी झावळी पडली होती. तिच्या पातीतला काडीसारखा एक हीर मंजुळेनं ओढून काढला. तिच्या मनात काय आहे ते सगळ्या वाडीनं ओळखलं.

"अगो, काडीमोडाला पंच लागतात," धर्मा धडपडत पुढे आला. "नवरा समोर लागतो!"

"बांगड्या फोडायला नव्हता लागला तो?"

तिनं काडी मोडली. अर्धी धोंडूच्या मांडीवर फेकली. "ही दे त्याला. सांग, दर्यानं माझ्या बांगड्या घेतल्या न् तुला राखला. दर्या शब्दाला जागला. तू नाही."

मग ती सोनूबाईकडे वळली. "आत्या, उद्या कासाराला बोलवा. उजवा हात भरायचा आहे माझा."