रुजू होईपर्यंत कुलूप

मी ठकीची आरोग्यनोंद बोलतेय. मला तोंड नाही, कागदही नाही. वकिलातीच्या दवाखान्यातल्या कॉम्प्युटरवर ठकीचं नाव दाबलं की जी उघडते, ती मी.

ठकीचे वडील परराष्ट्र सेवेत. दर दोन-तीन वर्षांनी नवा देश, म्हणजे विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. ठकीला पहिली लस टोचली त्या दिवशी माझा जन्म झाला. तेव्हापासून तिचे ताप, तिचे दात, तिचं वजन, सगळं माझ्या पोटात आहे. माझ्या आधी कागदी फायली पेट्यांतून फिरायच्या, ओलीने चिकटायच्या, कधी भलत्याच बंदरात उतरायच्या. मी मात्र विमानाच्याही आधी पोचते, असं माझं कौतुक व्हायचं. मीही जरा फुशारलेच होते.

पण माणसांना दुसऱ्याच्या दुखण्यात नाक खुपसायची भारी हौस. एका अधिकाऱ्याला फिट येते, ही बातमी त्याच्या नोंदीतून फुटून त्याच्या आधीच नव्या वकिलातीत पसरली आणि चहाबरोबर चघळली गेली. त्या वेळी ठकीचे वडील मुख्यालयात होते. त्यांनी संतापून परिपत्रक काढलं. जुन्या ठिकाणाहून अधिकारी कार्यमुक्त झाला की त्याच्या कुटुंबाच्या नोंदींना कुलूप, आणि नव्या ठिकाणी तो रुजू झाल्याशिवाय ते निघणार नाही. नियम चांगला होता, मलाही पटला होता. मधल्या दिवसांत कुणी आजारीच पडणार नाही, असं मात्र आम्ही सगळेच धरून चाललो होतो.

यंदा त्यांचीच बदली झाली. नव्या घरात गाद्या जमिनीवर, पडदे अजून लागायचे होते. "आधी घर लावू, सोमवारी रुजू होतो," वडील म्हणाले. आणि शुक्रवारी दुपारी ठकी तापाने फणफणली. मान वाकेना, उजेड सोसेना. दोघांनी तिला उचलून थेट इस्पितळ गाठलं.

इकडे वकिलातीच्या दवाखान्यात सिस्टरने फोन स्पीकरवर टाकला. मला कुलूप होतं, पण कान उघडे होते.

"सिस्टर, डॉक्टर मेंदूज्वर म्हणताहेत," ठकीची आई म्हणाली. "लगेच इंजेक्शन द्यायचंय. पण ती दोन वर्षांची असताना एका इंजेक्शनने तिचा घसा सुजला होता हो! श्वास अडकला होता."

"कोणतं इंजेक्शन?"

"त्या देशातली लिपीच कुणाला वाचता यायची? कागद सामानात, आणि सामान अजून जहाजावर. जुन्या दवाखान्यात कुणी फोन उचलत नाही."

"डॉक्टरांकडे दुसरं औषध असेल ना?"

"आहे. पण नडणारं नेमकं तेच निघालं तर?"

माझ्याकडे आहे ते नाव! मी आतल्या आत ओरडत होते. सिस्टरने पुन्हा पुन्हा बटण दाबलं. पडद्यावर एकच ओळ: अधिकारी रुजू नाहीत. तिने प्रशासन अधिकाऱ्याला अक्षरशः हाताला धरून आणलं.

"मी तरी काय करू?" तो म्हणाला. "सर रुजू झाल्याशिवाय हे उघडतच नाही. आणि हा नियम..." तो फोनकडे वळला. "सर, हा नियम तुमच्याच सहीचा आहे."

आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. फोनमध्ये मागून ठकी कण्हत होती.

"मग मी आत्ता रुजू होतोय," वडील म्हणाले. "इथूनच. लिहून घ्या."

"सर, समोर हजर राहून सही लागते."

"माहीत आहे मला! नियम मी केला, मीच मोडतोय. तसंच लिहा. उद्या चौकशी झाली तर मी उभा राहीन. पण आत्ता लिहा हो, पाया पडतो तुमच्या!"

प्रशासन अधिकारी खुर्चीत बसला. दोन बोटांनी टाइप करणारा माणूस तो. एकदा चुकलं, परत टाकलं. पलीकडून परक्या भाषेत डॉक्टरांचा आवाज चढला. "थांबता येणार नाही म्हणताहेत," आई ओरडली. "सुई भरली त्यांनी!"

आणि मी उघडले.

सिस्टर पडद्यावर धडाधड खाली सरकत होती. लसी, दात, गोवर, गुडघ्याचे टाके... "सेफ्ट्रायॲक्झोन! सेफ्ट्रायॲक्झोन देऊ नका!"

आईने ते नाव किंचाळून सांगितलं. मग ट्रेमध्ये काहीतरी टाकल्याचा खण्ण आवाज झाला.

"तेच भरलं होतं," आई म्हणाली आणि ढसाढसा रडू लागली.

दुसऱ्या औषधाने ठकी बरी झाली. वडिलांकडे मुख्यालयाने खुलासा मागितलाय. त्यांनी खुलाशासोबत नव्या नियमाचा मसुदाही धाडला: नडणारी औषधं कधीही कुलपात जाऊ नयेत. तो कुणाच्या टेबलावर पडलाय, देव जाणे. तो मंजूर होण्याआधी पुढची बदली आली, तर मी पुन्हा मुकी होणार.

माझी सगळ्यांना हात जोडून एवढीच विनंती आहे. मला कुलूप लावा, चघळणाऱ्यांपासून जपा, पण जीव वाचवणारं एक नाव तरी माझ्याबाहेर असू द्या.

ठकीच्या आईला ते आता पटलंय. परवा ठकी तपासणीला आली, तेव्हा काय काय पाठ आहे, असं सिस्टरने तिला गमतीने विचारलं. पुढचे दोन दात पडलेल्या ठकीने छाती फुगवून सांगितलं, "थेफ्त्रायॲक्थोन!"

सिस्टर हसली. आई हसली नाही. "पुन्हा म्हण," ती म्हणाली. "नीट म्हण."