आकाशात जाऊन आलेला पोपट

नाशिकला द्वारकेच्या चौकातून आत वळलं की तिसरं दुकान माझं. जुनी नाणी, जुनी तिकिटं आणि गेली दोन-तीन वर्षं अंतराळ. आपलं यान चंद्रावर उतरल्यापासून लोकांना आकाशाचं जे वेड लागलंय त्याला तोड नाही. एकाने चंद्रावरचा म्हणून गंगापूर धरणाच्या काठचा दगड आणला होता. मनमाडच्या एका गृहस्थांनी उपग्रहाचा भाग म्हणून दोन किलोचा बोल्ट माझ्या टेबलावर आदळला. तो रेल्वेचा आहे हे समोरच्या चहावाल्यानेही सांगितलं असतं. मी अशा लोकांवर चिडतो आणि त्यांना तोंडावर सांगतो. गिऱ्हाईक गेलं तर गेलं, पण खोट्याला खरं म्हणायचं नाही, हे बावीस वर्षं पाळलंय. बाजारात मला खडूस सुनील म्हणतात ते उगीच नाही.

त्यामुळे पुण्याच्या एका संग्राहकाने पैठणीचा तुकडा विकायला पाठवला तेव्हा आधी मी हसलोच. पंजाएवढा जांभळा तुकडा, मधोमध हिरवा पोपट, सोबत एका परदेशी कंपनीचं प्रमाणपत्र. ही कंपनी देशोदेशीच्या लहानसहान वस्तू अंतराळस्थानकावर नेते, परत आणते आणि विकते. प्रमाणपत्राचं काय, ते कुणीही छापेल. खरं-खोटं ठरतं ते फोटोवरून. स्थानकात तरंगणाऱ्या तुकड्याचा फोटो मी थेट कंपनीकडून मागवला, मोठा केला आणि भिंग घेऊन बसलो. फोटोतल्या पोपटाच्या चोचीखाली एक लाल धागा सुटून वाकडा झाला होता. माझ्या हातातल्या पोपटाच्या चोचीखालीही तोच धागा, तसाच वाकडा. तुकडा वर जाऊन आला होता, यात आता शंका उरली नाही.

आणि विणणारा कोण, तेही मला ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी पेपरात मोठी बातमी आली होती, ‘येवल्याचा पोपट निघाला अंतराळात’. खाली हातमागाशेजारी उभ्या केरू सोनवणेंचा फोटो. नाशिकच्या महेश नावाच्या पैठणीच्या व्यापाऱ्याने त्यांच्याकडून तो विणून घेऊन कंपनीला पाठवला होता. बंगळुरूचा एक माणूस तुकडा घ्यायला तयार होता, त्याची अट एकच होती, विणकराचं सहीचं पत्र पाहिजे. मी पत्र टाइप करून पिशवीत टाकलं, केरूतात्यांच्या घरी फोन केला आणि येवल्याची एसटी धरली.

दारातच त्यांची बायको लंकाबाई भेटल्या. मला आत घेण्याआधी त्यांनी आवाज खाली आणला.

“भाऊ, त्यांना आता काय दिसत नाय. दोन वरसं झाली, माग बंद हाय. दिवसभर बसून असत्यात. कोन आलं का त्या पोपटाची गोष्ट सांगत्यात, त्या दिवशी दोन घास जास्त जेवत्यात. चांगलंच सांगायला आलाय ना?”

“चांगलंच, काकू,” मी म्हणालो. मला खरंच तसं वाटत होतं.

केरूतात्या खाटेवर बसले होते. यांचं नाव मी पैठणीच्या दुकानदारांकडूनही ऐकलं होतं, बहुतेक शिव्यांसकट. मशीनची पैठणी हातमागाची म्हणून विकताना कुणी दिसला की हा माणूस दुकानात शिरून गिऱ्हाइकाला सांगायचा, बाई, उलटी करून बघा, मग पैसे द्या. अशाने चार दुकानं तुटली, कामं गेली, पण खोड गेली नाही. मला ते ऐकूनच आवडले होते. माझ्याच पंगतीतला माणूस.

पोपट आणलाय म्हटल्यावर त्यांनी आधी पाणी मागवून हात धुतले, धोतराला पुसले आणि मग दोन्ही तळवे पुढे केले. मी तुकडा ठेवला. त्यांनी तो नाकाशी नेला.

“वर कसला वास येत आसंल हो?”

“वर वास नसतो म्हणतात, तात्या.”

ते हसले. मग सवयीने त्यांनी तुकडा उलटा केला आणि अंगठा फिरवला. अंगठा थांबला. पुन्हा एकदा वरून खाली फिरला. चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं होतं, त्याला अजून काही कळलं नसल्यासारखं.

“सुनीलभाऊ, हे माझं नाय.”

“म्हणजे?”

“मशीनचं हाय. मागं धागे मोकळे सोडून कापल्यात, बोटाला टोचत्यात बघा. माझा पोपट दोन्हीकडनं पोपटच आसतो.”

मी तुकडा हातात घेऊन पाहिला. मागची बाजू मी दुकानातही पाहिली होती, पण कापडातलं मला ओ की ठो कळत नाही. आता सांगितल्यावर ते बारीक कातरलेले केस मला दिसले.

लंकाबाई एकदम म्हणाल्या, “मंग हे खोटं आसंल. कुनीतरी फसवलं आसंल तुमाला, भाऊ. व्हय ना?”

त्या माझ्याकडे अशा बघत होत्या की मला मान वर करवेना. एक ‘हो’ म्हणायचं होतं. माझं काय गेलं असतं? पण बावीस वर्षांची जीभ, तिला वळण एकच.

“कागद खरे हायेत का?” केरूतात्यांनी विचारलं.

“खरे आहेत.”

“फोटू?”

“फोटोही खरा आहे, तात्या. वर गेला तो हाच.”

बोललो त्याच क्षणी मला माझी चीड आली. इतका खरेपणा कुणी मागितला होता?

“मंग माझा कुटंय?”

मी महेशला फोन लावला. बाहेर अंगणात जायला उठलो तर तात्या म्हणाले, “हितंच बोला, आवाज मोठा करून.” महेशने फोन उचलला. तो बिनदिक्कत सांगत होता, “अहो, कंपनीची वजनाची मर्यादा होती. तात्यांची जर अस्सल चांदीची, तुकडा जड झाला. मग तसाच मशीनवर हलका करून पाठवला. डिझाइन त्यांचंच आहे ना, मग? मूळचा? असेल कुठेतरी. दुकान हलवलं तेव्हा बरंच सामान गेलं.”

मी फोन बंद केला. मग तात्याच म्हणाले, “म्हंजी माझाच पोपट झाला म्हनायचा,” आणि एकटेच हसले. ते हसू ऐकवत नव्हतं. लंकाबाईंनी पदर तोंडाला लावला.

मी तुकडा पिशवीत ठेवला. “येतो, तात्या. मी हे कुणाला सांगणार नाही. तुकडाही परत पाठवून देतो.”

“थांबा. सही पायजे व्हती ना तुमाला? फोनवर म्हनला व्हता.”

“राहू द्या आता.”

“वाचा तर, काय लिवलंय.”

मला वाचायचं नव्हतं. त्यांनी हात पुढे धरूनच ठेवला, म्हणून वाचलं. ‘मी, केरू बुधा सोनवणे, लिहून देतो की अंतराळात जाऊन आलेला हा तुकडा मी माझ्या हातमागावर, माझ्या हाताने विणला आहे.’

“पेन द्या.”

“अवो,” लंकाबाई पुढे आल्या, “जल्मभर ह्याच्यापायी भांडलात. पोटाला चिमटा घेतला. आन् आता मशीनच्या कापडावर नाव घालता?”

“गेलं ते हेच गेलं ना,” ते म्हणाले. “माझं तर कोनी नेलंच नाय. आता दुसरं इनायला डोळे नाय मला. वर माझं कायतरी गेलं, येवढं तरी ऱ्हाऊ दे.”

त्या मनमाडवाल्याला मी बोल्टासकट हाकलून दिलं होतं. इथे मी पिशवीवर कागद सरळ केला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला.

“रेघ दिसत नाय. बोट ठेवा.”

मी रेघेवर बोट ठेवलं. त्यांनी माझ्या नखाला टेकवून पेन चालवलं, एकेक अक्षर जोर देऊन, शाळेत शिकल्यासारखं. पूर्ण नाव लिहिलं. मग कागदावर हात ठेवून विचारलं, “आता कोनी खोटं म्हननार नाय ना?”

फोटो खरा होता, कागद खरे होते, सही खरी होती. हे पकडू शकेल असा या धंद्यात एकच माणूस होता, आणि त्याचं बोट अजून त्या रेघेवर होतं.

“नाही, तात्या,” मी म्हणालो. “आता कुणीच म्हणणार नाही.”