आबांचा उपास, योगराजचं पोट

"डॉक्टर हाये का रे तू? दहावीत दोन खेपा आपटला, अन् आता मले शिकवतो, काय खाऊ घालायचं अन् काय नाई!"

सुनंदाबाईंच्या एका हातात झारा होता, दुसऱ्या हातात ताट. ताटात साबुदाण्याची खिचडी, वाटीत साखर घातलेलं दही, घरची दोन केळी आणि राजगिऱ्याचा लाडू.

योगराजनं ताटाकडे बोट दाखवलं. "याले उपास म्हनते का, माय? एवढं तर आबा जेवनाच्या दिवशी बी खात नाई."

"तोंड सांभाळ. नवसाचा हाये."

खाटेवर त्याचे वडील जीवराम आबा पाय लांब करून बसले होते. उजव्या अंगठ्याला पांढरी पट्टी. केळीच्या बागेत अनवाणी फिरताना काहीतरी टोचलं होतं, त्यांना पत्ताच नाही. कळलं तेव्हा गोधडीला पू लागला होता. जळगावच्या डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. शुगर खाली आली तर जखम भरेल, नाही आली तर अंगठा काढावा लागेल. जेवण कमी करा, वजन उतरवा, महिन्यानं या.

आता या घरात 'जेवण कमी करा' म्हटलं की एकच गोष्ट सुचते. चतुर्थी-एकादशी होतीच. आबांनी मनुदेवीला नवस बोलून सोमवार, गुरुवार, शनिवारही धरले. अंगठा वाचू दे, अन्नाला शिवणार नाही. आणि माणूस शब्दाचा पक्का. भाकरीचा तुकडा तोंडात नाही. भगर, रताळी, बटाटा, केळी चालतात. ते काय अन्न आहे? ते फराळाचं. महिन्यानं डॉक्टरांनी विचारलं, "जेवण कमी केलं ना?" तर आबा छाती काढून म्हणाले, "निम्मे दिवस जेवतच नाई साहेब." डॉक्टर खूश, आबा खूश. अंगठा मात्र काळाच.

बोट टोचायचं काम योगराजकडे होतं. रक्त दिसलं की माय तोंड फिरवायची. शाळेत त्याचं लक्ष कायम खिडकीबाहेर, पण बाहेरचं त्याच्या नजरेतून काही सुटायचं नाही. कोणता घड कापायला आला ते तो बांधावरून सांगायचा. शुगरच्या मशीनचंही त्यानं असंच हेरलं. आबा भाकरी-मेथी खातात त्या दिवशी आकडा जरा बरा. उपास असला की आकडा झाडावर.

"पाहा मग!" त्यानं मशीन काढलं. "आबा, बोट द्या. सकाळी साबुदाना वडे खाल्ले ना?"

आबांनी मुकाट्यानं बोट दिलं. आकडा तीनशेच्या कितीतरी वर. माय म्हणाली, "मशीन बिघडलं असेल."

झालं. योगराजचं डोकं फिरलं. त्यानं ताट उचललं, तरातरा गोठ्यात गेला आणि सगळं म्हशीपुढे ओतलं.

"अरे अन्न हाये ते, मेल्या!" माय किंचाळली.

"आत्ता अन्न झालं का?" तो गोठ्यातून ओरडला. "आबाच्या ताटात व्हतं तव्हा फराळ व्हता!"

आबांना हसू आलं, पण त्यांनी ते मिशीत दाबलं. मग गंभीर होऊन म्हणाले, "तू म्हनतो ते खरं असेल, बेटा. पन देवीले शब्द देल्हा. मी मोडत नाई. अंगठा गेला तरी चालेल."

इथं भांडून उपयोग नव्हता. योगराज उंबऱ्यावर बसला, नखं कुरतडत. माय बरोबर होती, तो डॉक्टर नव्हता. पण बापाच्या पायाचं एक-एक बोट जाताना बघायला तो काही जन्मला नव्हता. तेवढ्यात त्याला ताईचं बाळंतपण आठवलं. ज्योत्स्नाताईनं सोळा सोमवार धरले होते, मधेच दिवस राहिले, तर उरलेले सोमवार मायनं केले होते. घरातल्याचा उपास घरातल्यानं पुरा केला की देवाला पोचतो, असं तेव्हा हीच माय सगळ्या गल्लीला सांगत होती.

तो उठला. "मी धरतो तुमचे उपास."

माय हसत सुटली. "तू? जेवाले जरा उशीर झाला त भांडे आपटतो तू!"

"आपटीन. पन धरीन. अन् साबुदाना नको मले. नुसतं ताक."

आबा खाटेवरून उठले. मग लंगडत देवघरापाशी गेले, नारळ ठेवला आणि देवीला म्हणाले, "माय, बाकीचे पोरगा करेल. याचा राग तेवढा सांभाळून घेजो."

पहिल्या सोमवारी योगराज केळी कापायला गेला आणि दुपारपर्यंत तीन जणांशी भांडला. सोबत कापणीला आलेल्या तेजसनं विचारलं, "महाराज, प्रवचन कधी?" तर त्याच्यावर केळीचा दांडाच फेकला. घरी आबांपुढे दादर ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी, काकडी. त्यांना घास गिळवेना. पोरगं समोर ताकावर बसलेलं. योगराज खेकसला, "खा ना! मी उगाच मरून राह्यलो का?" आबा खाली मान घालून खायला लागले.

तेलाच्या पळीवरून मायशी भांडण व्हायचं. वांग्याच्या भरितावर तेल तरंगलं नाही तर पाहुणे काय म्हणतील? "पाहुन्याचा अंगठा हाये का?" योगराज म्हणायचा. माय कुरकुरत का होईना, पळीऐवजी चमचा घ्यायला लागली. डॉक्टरांना त्यानं स्वतः फोन करून उपासांचं सगळं सांगितलं. पलीकडून डॉक्टर म्हणाले, "हे आधी का नाही सांगितलं?" त्यांनी गोळ्या बदलून दिल्या.

आकडा हळूहळू उतरला. आबांचा सदरा पोटावर सैल झाला. परवा पट्टी बदलताना मायनं पहिल्यांदा तोंड फिरवलं नाही. जखमेच्या कडेनं लालसर, ओलं, नवं मांस आलं होतं. तिनं नुसता पदर डोळ्यांना लावला आणि योगराजला म्हणाली, "तुले जास्त अक्कल नाई आली, समजलं का?"

आज जळगावला दाखवायचंय. आबा मोटरसायकलवर मागे बसलेत, पायात नवी बंद चप्पल. माय दारातून ओरडतेय, "डॉक्टर अंगठा वाचत नाई म्हटला त?"

"नाई म्हनतच नाई तो," योगराजनं किक मारली. आज गुरुवार, पोटात नुसतं ताक, डोकं आधीच तापलेलं. अंगठा आबांचाच आणि आबांपाशीच राहणार, हे त्याला डॉक्टरच्याही आधी दिसलंय. माय अजून काहीतरी विचारतेय, पण त्याला आता निघायचंय.