हारासकट फोटो

वाचनालयात कुणी मोबाइल उगारून शिरलं की माझं डोकं फिरतं. "मंजुळाबाई जुन्या वळणाच्या," असं आमचे सेक्रेटरी सुहास सगळ्यांना सांगतात. सांगू देत. पोलादपूरच्या बाजारातलं हे वाचनालय मी इतकी वर्षं उघडतेय, झाडतेय, वाळवीपासून वाचवतेय. सुहासना मात्र ते लोकांच्या मोबाइलमध्ये 'पोचवायचं' आहे. रोज एक फोटो काढतात नि ग्रुपवर टाकतात. त्यावर अंगठ्यांचा पाऊस पडतो. त्या अंगठेवाल्यांपैकी एक तरी पुस्तक न्यायला आला असेल तर शपथ!

रोज येणारे म्हणजे आमचे कुशाबा. उमरठच्या बाजूची एक वाडी, तिथून सकाळच्या एसटीने उतरायचे. मध्ये त्यांनी शिवकाळावरचा एक जाडजूड ग्रंथ धरला होता. पण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. भिंग पानावर टेकवून एकेक ओळ वाचायचे, मग डोळ्यांतून पाणी गळायचं. महाडचे डॉक्टर म्हणाले होते, घरचं माणूस घेऊन या, ऑपरेशन करून टाकू. घरचं माणूस म्हणजे मुंबईचा मंगेश, एकुलता एक लेक. त्याला रजा मिळत नव्हती. शिमग्याला मिळाली नाही, गणपतीला मिळाली नाही.

"कुशाबा, मी येते ना तुमच्याबरोबर," मी कितीदा म्हटलं.

"नको गो बाय. लेक हाय ना मला. लोकं काय म्हनतील?"

"लोक म्हणेपर्यंत आंधळे व्हाल!"

"येल तो. रजा मिळाली की येल." असं म्हणून परत भिंग उचलायचे.

त्या दिवशी असेच पाणी पुसून, डोळे मिटून जरा टेकले होते. वरच्या भिंतीवर आमच्या संस्थापकांची तसबीर आहे, तिला भलामोठा हार. सुहासनी समोरून फोटो काढला आणि वरची तसबीर नेमकी कापून टाकली, हार तेवढा ठेवला. राहिलं काय, तर मिटल्या डोळ्यांचा म्हातारा आणि त्याच्या डोक्यावर हार. खाली लिहिलं होतं, 'आमचे ज्येष्ठ वाचक, वाचनालयाचा अभिमान.' ओळ स्वच्छ होती. पण वाचतंय कोण? कुणीतरी पहिल्यांदा हात जोडले, दुसऱ्याने लिहिलं 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि मग मेंढरं निघाली एकामागून एक. फोटो वाडीच्या मुंबई मंडळाच्या ग्रुपवर गेला. मंडळाची रीत अशी की वाडीत कुणी गेलं की रातोरात मुंबईहून गाडी निघते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुशाबा नेहमीसारखे येऊन बसले होते. समोरच्या चहाच्या टपरीपाशी मोठी गाडी थांबली. पांढरे शर्ट घातलेली माणसं उतरली. एकजण हारवाल्याकडे गेला.

कुशाबांनी डोळे बारीक करून पाहिलं. "आवाज आमच्या वाडीतल्या मानसांचा वाटतोय गो. सगळी आली म्हंजे कोनतरी गेला." आणि काठी घेऊन रस्ता ओलांडून गेलेसुद्धा. मी मागोमाग धावले.

"काय रे पोरांनो, कोन वारला?" कुशाबांनी विचारलं.

 एकाच्या हातातला चहा सांडला. मंगेश गाडीला टेकून उभा होता, तो पुढे झाला. "बाबा..."

"मंग्या? तू आलास? म्हंजे कोनीतरी जवळचाच गेला. सांग ना रे!"

मंगेश लहान पोरासारखा रडायला लागला. सगळा प्रकार कळल्यावर माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "अरे, एक फोन तरी करायचा!"

"बाबांचा लागत नव्हता."

"मयताला फोन लावत होतास? पोलादपुरात माणसं मेली होती का सगळी?"

"ग्रुपवर एवढ्या जणांनी लिहिलं होतं... वाटलं, कुणीतरी विचारलंच असेल."

"रजा कितीची काढलीस?"

त्याने मान खाली घातली. "तेराव्यापर्यंत."

"मिळाली?"

"लगेच."

"झालं तर मग! आता तेराव्यापर्यंत हलायचं नाही. आजच्या आज महाडला ने त्यांना आणि डोळे करून आण."

कुशाबांना तर आनंदाने काही सुचेना. मेल्याची बातमी गेली याचं त्यांना काहीच नव्हतं. लेक आला होता. गाडीतल्या सगळ्यांना ते चहा पाजत सुटले.

सुहासनी आपला फोटो घाईघाईने काढून टाकला. मंगेशने मात्र तोच फोटो लावून बापावर लिहिलेली श्रद्धांजलीची पोस्ट तशीच ठेवली. मी विचारलं तर म्हणाला, "साहेब बघतात, बाई. काढली तर रजा जाईल." म्हणजे बाप महाडच्या दवाखान्यात लेकाचा हात धरून बसलेला, आणि इकडे मोबाइलमध्ये त्याच्या आत्म्याला शांती लाभतेय! थू असल्या जगण्यावर. पण डोळ्यांसाठी मी गप्प बसले.

पट्टी सुटल्यावर दोघे वाचनालयात आले. काळा चष्मा काढून कुशाबांनी कपाटांवरून नजर फिरवली. पुस्तकांची नावं लांबूनच वाचून दाखवायला लागले. मला भरून आलं. मी ग्रंथ काढून समोर ठेवला.

"थांब गो," ते म्हणाले. "आधी तो फोटू दाखवा. ज्याच्यापायी हा धावत आला तो."

मंगेशने मोबाइल खिशात सरकवला. "राहू द्या ना बाबा." पण सुहासना पाचपोच कुठला! "हा बघा, मंगेशने किती सुंदर लिहिलंय," म्हणत त्यांनी आपला मोबाइल पुढे केला.

कुशाबा वाचायला लागले. भिंगाशिवाय, मोठ्याने, शाळेतल्यासारखं. "बाबा, रोज सकाळी तुमचा आवाज ऐकल्याशिवाय माझा दिवस उजाडत नव्हता. तुम्हाला काय हवं, काय नको, हे विचारल्याशिवाय मी कधी जेवलो नाही. आता कुणाला विचारू?"

मंगेश खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. कुशाबांनी ते एकदा वाचलं, पुन्हा एकदा मनातल्या मनात वाचलं. मग मोबाइल हळूच सुहासच्या हातात दिला आणि ग्रंथ पुढ्यात ओढला.

"लिवलंय झकास," ते पान शोधत म्हणाले. "फोटू माझाच हाय. पन बाप दुसऱ्याच कोनाचा तरी दिसतोय."