गोल ज्योत पाहिलेली बरणी

मी एक जुनी प्लास्टिकची बरणी आहे. मित्रांनो, मी मोठेपणा मिरवायला बोलत नाही. मला एका गोष्टीची फार लाज वाटते आणि ती सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

अर्जुनी मोरगावच्या मुन्नालाल शेठच्या दुकानात माझ्यात लिमलेटच्या गोळ्या असत. २००४ साली सातवीतल्या खुशबूने मला मागून शाळेत नेले. अवकाशात वजन जाणवत नाही, तिथे मेणबत्तीची ज्योत लांब न होता गोल होते, असे तिने वाचले होते. केवळराम गुरुजी म्हणाले, वरून पडणाऱ्या बरणीतही क्षणभर तसेच होते. आत सारेच एकत्र पडत असते, म्हणून गरम हवा वर चढत नाही आणि ज्योत ताणली जात नाही.

मग काय, झाकणावर मेणबत्ती चिकटवायची, पेटवायची आणि मला उलटी करून त्यावर घट्ट फिरवायची. मैत्रीण रविता शाळेच्या पाण्याच्या टाकीच्या शिडीवर चढून मला सोडायची. मी धानाच्या तणसाच्या, म्हणजे पेंढ्याच्या, ढिगावर पडायची. खुशबू ढिगाशेजारी पालथी पडून बघायची. सहाव्या वेळी ज्योत खरोखर गोल झाली, मण्याएवढी, निळी. खुशबू उठून शिडीकडे धावली.

शेवटच्या सरावात मात्र मी ढिगाच्या कडेला आपटले आणि झाकणाला बारीक तडा गेला. तो कोणाला दिसला नाही. दुसऱ्या दिवशी तालुक्याचे विज्ञान प्रदर्शन होते, म्हणून गुरुजींनी मला सजवले. झाकणाभोवती चंदेरी चमकीची पट्टी लावली, नेमकी तड्यावर. खरे सांगते, मला तड्याची आठवणसुद्धा राहिली नाही. मी नटण्यात दंग होते.

परीक्षकांसमोर रविताने मला सोडले. सैल पट्टीखालच्या तड्यातून वारा आत घुसला आणि ज्योत विझली. दुसऱ्यांदा विझली, तिसऱ्यांदाही. निवड झाली असती तर खुशबू गोंदियाला जिल्ह्याच्या प्रदर्शनात जाणार होती. परीक्षकांनी विचारले, गोल ज्योत पाहिलीस की नुसती वाचलीस?

"म्या माह्या डोऱ्यानं पायलं, सर," ती म्हणाली.

परीक्षक हसले, मग सारेच हसले. गुरुजी खाली मान घालून चमकीची सुटलेली पट्टी पुन्हा चिकटवत राहिले. पट्टीखाली कोणी पाहिले नाही.

खुशबूने वहीत 'ज्योत विझते' एवढेच लिहिले आणि मला घरी आणले. झाकण चमकीसकट कचऱ्यात गेले. तिच्या आईने, सुलोचनाबाईंनी, माझ्यात लाखोळीची डाळ भरली.

मित्रांनो, प्रयोगाचे सामान सजवण्याआधी तपासून घ्या. प्रयोग फसला तर आधी आम्हाला उलटून पाहा. बघणाऱ्याला खोटे ठरवायची घाई करू नका.

परवा, दहा वर्षांनी, तिची धाकटी बहीण दुर्गा पुस्तकातले अवकाशातल्या ज्योतीचे चित्र घेऊन आली. ताई, तू पाहिली होतीस ना, असे तिने विचारले.

खुशबू डाळ निवडत होती. "मले वाटलं होतं का पायली," ती म्हणाली. "नसन पायली."

मी तिच्या हाताशीच होते. खुशबू, तू पाहिली होतीस गं. ती माझ्याच पोटात गोल झाली होती.