आधी सुई, मग कॉफी

मी एक जुना एअरब्रश आहे, मित्रांनो. नाव ब्रशचं असलं तरी माझ्या अंगावर एकही केस नाही. मी पेनाएवढा लांब, पितळेचा. वरचा चकचकीत मुलामा बोटं टेकतात तिथे कधीच उडून गेला. पाठीवर रंगाची इवलीशी वाटी, खाली हवेची नळी आणि पोटातून आरपार गेलेली एक सुई, एवढाच माझा संसार. बटण खाली दाबलं की हवा सुटते. दाबून मागे ओढलं की सुई सरकते आणि रंग धुक्यासारखा बाहेर पडतो. सुईचं टोक फार नाजूक. टेबलावरून खाली पडलं तरी वाकतं, आणि मग मी फवारायचं सोडून थुंकायला लागतो. वाटीत रंग वाळू दिला तरी माझी तीच गत होते.

माझं आयुष्य फिनलंडमध्ये, औलू नावाच्या बंदराच्या गावी गेलं. माझे पहिले मालक तौनो. ते गळाला लावायचे लाकडी मासे बनवत आणि मी त्या माशांवर पट्टे, खवले, डोळे काढत असे. फवारा मारण्याआधी तौनो मला एकदा स्वतःच्या डाव्या अंगठ्याच्या नखावर चालवून बघत. त्यामुळे ते नख कधी हिरवं तर कधी केशरी असे, आणि लोकांच्या लग्नाकार्यालाही तसंच जाई. त्या घरात दिवसातून पाच-सहा वेळा कॉफी व्हायची. पाहुणा आला आणि चुलीवर कॉफी चढली नाही, असं तिकडे होतच नाही. पण तौनोंचा एक कायदा होता. काम थांबलं की आधी माझी सुई मागून ओढून काढायची, पुसायची, वाटी धुवायची, थिनर फवारायचं आणि मगच कपाला हात लावायचा.

"आधी सुई, मग कॉफी," ते आपल्या लेकीला, इर्मेलीला, सांगायचे. "कॉफी गार झाली तर परत गरम करता येते. हा एकदा गेला की गेला."

तौनो वारले आणि मी एका लोकरी मोज्यात, खणाच्या तळाशी पडून राहिलो. चार वर्षं. मला कोणी वाईट वागवलं नाही, पण कोणी वागवलंच नाही. ते दिवस आठवले की आजही माझी सुई जड होते.

मला बाहेर काढलं इर्मेलीनेच. आजाराने किंवा अपघाताने ज्यांचं नाक, कान गेलं अशा माणसांसाठी ती तसेच हुबेहूब अवयव बनवायची. तिने मला दिवसभर थिनरमध्ये भिजवलं, झिजलेलं रबर बदललं आणि सिलिकोनवर चालवलं. सिलिकोन म्हणजे कातडीसारखं मऊ रबर. रंगातही तेच मिसळायचं आणि वर ते घट्ट करणारं औषध. एकदा औषध पडलं की माझ्या हातात पाऊण तास. तेवढ्यात मला धुतलं नाही तर ते माझ्या पोटात कायमचं बसणार, आणि मग जगातलं कुठलंच थिनर उपयोगाचं नाही. खरं सांगतो, तिने पहिल्यांदा ते मिश्रण माझ्या वाटीत ओतलं तेव्हा मी घाबरलो होतो.

त्यात कातडीचा रंग दिव्याखाली जुळवता येत नाही. दिवा फसवतो. खिडकीतला उजेडच लागतो, आणि औलूत डिसेंबरमध्ये तो दुपारी दोनलाच गाशा गुंडाळतो.

असाच एक डिसेंबरचा दिवस. हेल्वी साडेअकराला आली. बंदरावरच्या मंडईत तिचा तीस वर्षं माशांचा गाळा होता. दोन वर्षांपूर्वी कॅन्सरने तिचं नाक गेलं, तेव्हापासून ती चेहऱ्यावर पांढरी पट्टी बांधून गाळ्याच्या मागे, पडद्याआड बसून मासे साफ करायची. पुढे तिचा दीर उभा राहायचा. कुठूनतरी करून आणलेलं एक पिवळट नाक तिने दोन दिवस लावलं आणि कपाटात टाकून दिलं. दुसऱ्या दिवसापासून नाताळचा बाजार भरणार होता. हे नाक जमलं तर उद्या पुढे उभी राहीन, नाहीतर गाळा दिराच्या नावावर करून मोकळी होईन, असं तिने इर्मेलीला आधीच बजावलं होतं.

उजेड जाईल म्हणून इर्मेलीने तिला धड बसूही दिलं नाही. लाकडी दांडीवर बसवलेलं नाक हेल्वीच्या गालाशी धरलं, रंग कालवला आणि मला चालवलं. गुलाबी, मग लाल, मग बारीक शिरांचा जांभळा. अगदी जुळलं. हेल्वीने वेलदोड्याचे गोड पाव आणले होते, ती कॉफी कॉफी करू लागली. इर्मेलीने आधी मला धुतलं. दिव्याच्या उबेवर थर बसला आणि दोघी कॉफीला बसल्या.

अर्ध्या तासाने हेल्वीने नाक लावून आरसा घेतला आणि तिचा चेहरा उतरला.

"इर्मेली, हे दारुड्याचं नाक आहे."

इर्मेलीच्या लक्षात आलं. हेल्वी उणे बारा अंशांतून चालत आली होती. तिचे गाल थंडीने लाल झाले होते आणि नेमका तोच लाल आम्ही उचलला होता. आता उबेला गालांचा रंग उतरला, नाक तेवढं पेटलेलं राहिलं.

"गिऱ्हाइकं म्हणतील, दुःखाने प्यायला लागली," हेल्वी म्हणाली. ती हसली नाही.

सव्वा वाजला होता. इर्मेलीने घाईघाईने फिकट रंग कालवला, औषध घातलं, माझ्या वाटीत ओतलं. माझा पाऊण तास सुरू झाला. तिने मला नाकाजवळ नेलं, बोट बटणावर ठेवलं.

"आटप बाई," हेल्वी पदराएवढ्या रुमालाने मान पुसत म्हणाली. "उकडतंय इथे. गाळ्यावर हात कोपरापर्यंत बधिर असतात, उबेची सवयच राहिली नाही."

इर्मेलीचं बोट थांबलं. "तिथे हीटर नाही?"

"माशांना हीटर?"

इर्मेलीने मला आणि नाकाला तसंच हातात धरलं, माझी लांब नळी दाराच्या फटीतून ओढली आणि हेल्वीला घेऊन बाहेर पायरीवर उभी राहिली. हेल्वीचे गाल हळूहळू पुन्हा लाल होऊ लागले. माझ्या पोटातलं मिश्रण थंडीने सावकाश घट्ट होत होतं, पण होत होतं. वीस-पंचवीस मिनिटांनी इर्मेलीने नाक चेहऱ्याशी धरलं. आधीचाच लाल जुळला होता. फक्त डावी कड उठून दिसत होती. तिथे फिकट रंगाचा एक हलका फवारा हवा होता.

सूर्य समोरच्या गोदामाच्या छपराला टेकला होता. इर्मेलीने मला उचललं आणि बापाच्या सवयीने आधी अंगठ्याच्या नखावर चालवलं.

मी थुंकलो. जाड, चिकट थेंब. नाकावर पडला असता तर सगळं संपलं होतं.

इर्मेलीने सूर्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दुसरं कोणी असतं तर टोक पुसून नशिबावर हवाला ठेवला असता. "धुवायला हवा," ती म्हणाली. "दहा मिनिटं. तू आत ये, गारठशील."

"आत आले तर रंग जाईल," हेल्वी म्हणाली. "तू जा. मी रंग धरून उभी राहते."

आत इर्मेलीची बोटं बधिर होती. तिने सुई मागे ओढली तर तिच्या टोकाशी चिकट तार. पुसताना सुई निसटली, टेबलावरून घरंगळत कडेपर्यंत गेली आणि तिने ती तळहातावर झेलली. मला तो क्षण अजून आठवतो. थिनर, पुन्हा थिनर, नवा रंग, नवं औषध. आम्ही बाहेर आलो तेव्हा हेल्वीच्या पापण्यांवर बर्फ धरला होता आणि सूर्याची नुसती कड उरली होती. आधी नख: स्वच्छ, बारीक धुकं. मग नाकाची कड. तीन श्वासांत काम झालं आणि उजेड गेला.

आत आल्यावर हेल्वीने दोन कप भरले. इर्मेली पाठ फिरवून माझी सुई काढत बसली. सुई पुसून होईपर्यंत हेल्वीनेही आपल्या कपाला तोंड लावलं नाही.

आठवड्याने ती पुन्हा आली, घरातल्या उबेसाठी दुसरं, फिकट नाक मागायला.

"मग? गाळ्यावर कोणी काही म्हणालं?" इर्मेलीने विचारलं.

"म्हणाले ना," हेल्वी म्हणाली. "मासे महाग झालेत म्हणाले."

मित्रांनो, इर्मेली कितीतरी वेळ हसत होती, आणि मग डोळे पुसत होती. मी जुना झालो आहे, पुढे कोणाच्या हाती जाईन ठाऊक नाही. माझं एवढंच मागणं आहे की तुमच्या हाताखाली राबणाऱ्या वस्तूला काम संपल्याबरोबर पुसा. कंटाळा आला असेल, कोणी हाक मारत असेल, समोर वाफाळता कप असेल, तरीही आधी तिला पुसा. तिच्या टोकाशी साचलेला एक थेंब कोणाच्या तोंडावर पडायचा होता, हे तिला सांगता येत नाही.